फोन वाजतो, मोटर ऐकते

आपल्या घरात बोलणारी, गाणारी, नुसतीच पिंपिं करणारी यंत्रं किती आहेत, याची एकदा मोजदाद करून पाहा. रेडिओ, टीव्ही, मोबाइल, लहान मुलाचा कीबोर्ड. यातल्या बऱ्याच यंत्रांच्या अंगावर कुठेतरी एक बारीक गोल भोक असतं. त्यात आपण इअरफोनची पिन खुपसतो आणि म्हणतो, ‘आवाज येतोय.’ खरं तर त्या भोकातून आवाज येतच नाही. येते ती वीज, आवाजाच्या तालावर हेलकावे खाणारी अगदी थोडीशी वीज. तिचा आवाज होतो तो पुढे, कानातल्या बोंडात. आणि जी वीज त्या बोंडाला कळते, ती दुसऱ्या एखाद्या यंत्रालाही कळू शकते. एका यंत्राचा आवाज दुसऱ्या स्वस्तातल्या यंत्राला वाचायला कसा लावायचा, हा आजचा माझा विषय आहे.

मी तंत्रनिकेतनात तीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. पण या विषयाकडे मी वळलो तो शिकवण्यासाठी नव्हे. जुन्नर तालुक्यात आमची शेती आहे आणि ती माझे थोरले बंधू पाहतात. दादांचं वय आता अडुसष्ट. शेतीपंपाची थ्री-फेज वीज काही दिवस दिवसा येते, तर काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की अकराला, बाराला, कधी एक वाजता उठायचं, बॅटरी आणि काठी घ्यायची आणि उसाच्या कडेकडेनं विहिरीवर जाऊन स्टार्टरची हिरवी कळ दाबायची. जुन्नरचा ऊस म्हणजे काय, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला वेगळं सांगायला नको. बिबट्याची मादी उसातच वीत घालते. बिबट्याचं नाव मोठं. पण पायाखाली येणारा घोणस त्याहून जवळचा. आणि हे सगळं कशासाठी, तर एक कळ दाबण्यासाठी! शेतात ठिबक आहे, कॉक संध्याकाळीच फिरवून ठेवलेले असतात. रात्री उरतं ते एवढंच काम.

तुम्ही म्हणाल, मग ऑटो बसवा. वीज आली की आपोआप मोटर चालू करणारा ‘ऑटो’ खेड्यापाड्यांत घरोघरी आहे. पण वीज येताक्षणी एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठतात, दाब कोसळतो, आणि मग कुणाची तरी मोटर नाहीतर सगळ्यांची डीपी जळते. शिवाय ऑटोला विहिरीत पाणी आहे की नाही, याची पर्वा नसते. दादांना मोटर आपल्या मर्जीनं चालू करायची होती आणि आपल्या मर्जीनंच बंद करायची होती. त्यांचं म्हणणं मला रास्त वाटलं.

मोबाइलवरून पंप चालवण्याची कल्पना काही माझी नव्हे. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ या नावानं तसं यंत्र तयार केलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. बाजारात इतरही मिळतात. ज्याला फक्त काम व्हायला हवं आहे, त्यानं सरळ ते विकत घ्यावं. आमच्या घरात मात्र डिप्लोमाला असलेला एक पुतण्या होता, कपाटात एक जुना कीपॅडचा फोन होता आणि माझ्या टेबलावर एक आर्डुइनो होता.

आर्डुइनो हे नाव कुणी ऐकलं नसेल तर दोन वाक्यांत सांगतो. पत्त्याच्या कॅटपेक्षा थोडा लहान असा हा सर्किट बोर्ड. त्यावर एक छोटा संगणक, ज्याला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. इटलीतल्या इव्रेआ गावच्या एका डिझाइन संस्थेत २००५ साली मास्सिमो बान्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो विद्यार्थ्यांसाठी तयार केला. नाव ठेवलं ते गावातल्या एका बारचं, आणि त्या बारला नाव होतं अकराव्या शतकाच्या आरंभीच्या एका राजाचं. आराखडा सगळ्यांना खुला असल्यामुळे त्याच्या नकला आज काही शे रुपयांत मिळतात. आमच्याकडच्या ‘उनो’ जातीच्या बोर्डाची कामाची स्मृती अवघी दोन किलोबाइट आहे. मोबाइलमधल्या एका फोटोच्या कोपऱ्याइतकीही ती नाही.

या बोर्डाला काही पाय असे आहेत की त्यांच्यावर किती व्होल्ट आहेत, हे तो मोजू शकतो. विहिरीच्या कठड्याला आतून पाण्याची उंची दाखवणारी मोजपट्टी रंगवतात, तशी पट्टी डोळ्यांसमोर आणा. तळाशी शून्य, वर पाच व्होल्ट, आणि मध्ये सारख्या अंतरावर १,०२४ खुणा. म्हणजे एक खूण साधारण पाच मिलिव्होल्टची. बोर्ड दर वेळी पट्टीवर नजर टाकतो आणि एक आकडा सांगतो. त्याला गाणं कळत नाही की बोलणं. या क्षणी पाणी कुठे आहे, एवढंच कळतं.

आता खरी अडचण इथे येते. इअरफोनच्या भोकातून येणारी वीज शून्याच्या वर जाते तशी तितकीच शून्याच्या खालीही जाते. पट्टीला शून्याखाली खुणाच नाहीत. तार तशीच जोडली तर अर्धा आवाज दिसतच नाही. बोर्डावरच्या त्या चिपला शून्याच्या खाली अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाब सोसवतही नाही. उपाय जुना आणि सोपा आहे. दहा-दहा किलोओहमचे दोन रोधक घ्यायचे. एक पाच व्होल्टला, दुसरा शून्याला, आणि त्यांचा जोड बोर्डाच्या त्या पायाला. दोघांच्या मध्ये बरोबर अडीच व्होल्ट उभे राहतात. जणू विहीर निम्म्यापर्यंत भरून घेतली. मग फोनची तार एका मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून तिथे आणायची. कपॅसिटर स्थिर दाब अडवतो आणि हेलकावे तेवढे पुढे जाऊ देतो. आता लाट वर गेली तर ५१२च्या वर दिसते आणि खाली गेली तर ५१२च्या खाली. फोनची जमीन आणि बोर्डाची जमीन मात्र एकमेकांना जोडलेली हवी. एवढ्या सामानाची किंमत एका चहापेक्षा कमी आहे, पण हे न करता जोडणाऱ्या मुलांचे बोर्ड मी अनेक वेळा पाहिले आहेत. सगळी मुलं एकच तक्रार घेऊन येतात: ‘सर, शून्यच दाखवतंय.’

पाणी किती हलतंय यावरून आवाज लहान की मोठा, हे लगेच कळतं. गाण्याच्या ठेक्यावर दिवे लावायला तेवढं पुरतं. आमच्या मोटरला पुरणार नव्हतं. नुसत्या मोठ्या आवाजावर मोटर चालू व्हायची असेल, तर फोनवर कुणी शिंकलं तरी ती चालू होईल. आम्हाला आवाज किती मोठा हे नको होतं, कोणता हे हवं होतं.

इथे मदतीला आली ती फोनचीच कळ. बोलणं चालू असताना फोनवरचा आकडा दाबला की पलीकडे ‘टूं’ असा सूर ऐकू जातो. बँकेच्या फोनवर ‘मराठीसाठी एक दाबा’ म्हणतात तेव्हा हाच सूर कामाला येतो. अमेरिकेत बेल कंपनीनं ही बटणांची पद्धत १९६३च्या नोव्हेंबरात लोकांपुढे आणली. प्रत्येक कळीचा सूर हा एक सूर नसतोच, ते दोन सूर एकत्र असतात. कळींच्या चार आडव्या ओळींचे चार खालचे सूर, ६९७, ७७०, ८५२ आणि ९४१ हर्ट्झ. उभ्या ओळींचे वरचे सूर १,२०९, १,३३६, १,४७७ आणि १,६३३. पाच दाबलं की ७७० आणि १,३३६ एकदम वाजतात. हे आकडे इतके ओबडधोबड का, असं पुतण्यानं विचारलं. ते मुद्दाम तसे निवडले आहेत. त्यातला कुठलाही सूर दुसऱ्याच्या पटीत नाही, कुठल्याही दोघांची बेरीज किंवा वजाबाकी तिसऱ्याएवढी होत नाही. माणसाचा आवाज आणि वाद्यं मात्र पटींवरच चालतात. म्हणून माणसाच्या तोंडून चुकून पाचाचा आकडा निघणं फार अवघड. साठ वर्षांपूर्वी कुणीतरी एवढा विचार करून ठेवला, त्याचा फायदा आज आमच्या विहिरीला होतो आहे.

हे सूर ओळखणारी एक तयार चिपही मिळते, आणि तिनं काम चांगलं होतं. पण मोबाइलमधून येणारा सूर दळून-चाळून आलेला असतो आणि रेंजप्रमाणे लहानमोठा होतो. आपल्या फोनप्रमाणे मापं बदलता यावीत, म्हणून आम्ही ते काम बोर्डालाच करायला लावायचं ठरवलं.

कसं, ते सांगतो. अंगणात आठ झोपाळे टांगले आहेत अशी कल्पना करा. प्रत्येकाच्या दोऱ्या कमी-जास्त लांब, म्हणून प्रत्येकाची लय वेगळी. आता एकच माणूस आठही झोपाळ्यांना एकाच वेळी, एकाच लयीत हलके धक्के देतोय. ज्याची लय त्या धक्क्यांशी जुळेल तो झोपाळा वर-वर चढत जाईल. बाकीचे थोडे हलतील, अडखळतील आणि जागेवरच राहतील. जेराल्ड गर्टझेल नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९५८ साली हेच काम गणितानं करण्याची एक फार काटकसरी रीत लिहून ठेवली. बोर्ड सेकंदाला आठ हजार वेळा पट्टी वाचतो आणि प्रत्येक आकड्यानं आठही झोपाळ्यांना एक धक्का देतो. २०५ आकडे झाले, म्हणजे सेकंदाचा जेमतेम चाळिसावा भाग गेला, की थांबून कोणता झोपाळा उंच गेला ते पाहतो. खालच्या चारांतला नेमका एक, वरच्या चारांतला नेमका एक, आणि बाकीचे सहा स्वस्थ, असं असेल तरच कळ दाबली गेली असं मानायचं. लागोपाठ दोन वेळा तेच उत्तर आलं तरच खरं. कुणी बोलत असेल तर तीन-चार झोपाळे एकदम हलतात, आणि बोर्ड तिकडे लक्ष देत नाही. वाचनं मात्र अगदी सारख्या अंतरानं व्हायला हवीत. लय चुकली की झोपाळाच चुकीचा चढतो. म्हणून ती वेळ बोर्डावरच्या घड्याळाला बांधून द्यावी लागते.

बाकीचं काम सुताराचं आणि वायरमनचं. जुन्या फोनला इअरफोन लावला की येणारा फोन आपोआप उचलण्याची सोय होती. इअरफोनची बोंडं कापून त्या तारा बोर्डाला दिल्या. बोर्ड दोन रिले चालवतो. एकाची दोन टोकं स्टार्टरच्या हिरव्या कळीला समांतर, दुसऱ्याची लाल कळीच्या वाटेत. रिले सेकंदभर ओढला जातो आणि सुटतो, म्हणजे बोटानं कळ दाबल्यासारखंच झालं. स्टार्टरमधली ओव्हरलोडची आणि फेज गेल्यावर मोटर थांबवणारी यंत्रणा तशीच जागेवर राहते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्या पेटीत चारशे व्होल्टच्या वर दाब असतो. बोर्डाकडची बाजू शाळेतल्या मुलानं करावी, पेटीकडची बाजू परवानाधारक वायरमननंच करावी. आम्हीही तेच केलं. स्टार्टरचा खटका पडला की ठिणगीच्या धक्क्यानं बोर्ड दचकायचा आणि पहिल्यापासून सुरू व्हायचा. वायरमननं कॉइलवर बसवलेल्या एका छोट्या कपॅसिटर-रोधकाच्या जोडीनं ते थांबलं.

फोन आपोआप उचलला जातो म्हटल्यावर कुणाचाही उचलला जाणार. म्हणून आधी चार आकड्यांची खूण, मग १ म्हणजे चालू आणि ० म्हणजे बंद. दहा सेकंदांत आकडे पूर्ण झाले नाहीत तर सगळं विसरून जायचं. कर्ज हवं का, असं विचारणारी एक रेकॉर्ड केलेली बाई एकदा आमच्या स्टार्टरशी मिनिटभर बोलली. स्टार्टरनं ऐकून घेतलं.

आता यातली जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते ती सांगतो. मोटर चालू कर, असं सांगता येणं आणि मोटर चालू झाली हे कळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वीज आलेली नसेल, एखादा फेज गेला असेल, फूटव्हॉल्व्ह गळून पाइपातलं पाणी उतरलं असेल. पाच अश्वशक्तीची मोटर कोरडी फिरत राहिली तर सकाळपर्यंत सील जळतं. विजेचा प्रवाह मोजणारा सेन्सर बसवावा, असं मी योजत होतो. पण इअरफोनच्या तारेवर एक माइकही असतो. तो आम्ही कापला नव्हता. पुतण्यानं तो पेटीच्या बाहेर, मोटरच्या बाजूला लोंबत ठेवला. पहिल्या रात्री दादांनी घरातून आकडे दाबले आणि फोन कानाला लावून बसले. मला म्हणाले, ‘खट् झालं. उठली. थांब जरा... हां, घेतलं पाणी.’

मी फोन हातात घेतला तर मला नुसती घरघर ऐकू आली. यात एक गंमत आहे. फोनवरून साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. मोटरचा पन्नास-शंभर हर्ट्झचा मूळ गुणगुणाट त्यात बसतच नाही. दादांना ऐकू येत होता तो पंख्याचा वारा, बेअरिंगची किनार आणि पाइपात पाणी चढलं की त्या सगळ्याचा खाली बसणारा सूर. चाळीस वर्षं ती मोटर ऐकलेल्या कानाला तेवढं पुरे होतं. मी सेन्सरचा विचार सोडून दिला. आकडे बोर्डानं ऐकावेत आणि पाणी दादांनी, अशी वाटणी झाली. त्या हंगामापासून रात्री त्यांना उसाच्या कडेनं जावं लागलेलं नाही. वहिनी पहिले आठ-दहा दिवस तरीही जाग्या राहत, सवयीनं.

दोन गोष्टी मात्र डोळ्यांआड करून चालणार नाहीत. हे सगळं जुन्या २जी कॉलवर उभं आहे. नव्या ४जी कॉलमध्ये कळ दाबल्याची खबर सूर म्हणून न जाता आकड्यांचा निरोप म्हणून जाते. पलीकडचा फोन तो सूर म्हणून वाजवेलच असं नाही. काही कंपन्यांच्या जाळ्यात २जी मुळातच नाही. म्हणून सिम कार्ड घेताना ते पाहून घ्यावं लागतं, आणि जिथे आज २जी आहे तिथे ते कायम राहील असं धरून चालू नये. दुसरं असं, की नवे फोन सतत येणारी घरघर गोंगाट समजून दाबून टाकतात. आपल्याला हवी असते तीच नेमकी घरघर. या कामाला जुना फोन बरा तो त्यामुळे.

आमची पेटी पाहून बांधापलीकडच्या आबांना तशीच हवी झाली. आबांचं वय पंचाहत्तर, आणि त्यांना ऐकू फार कमी येतं. आकडे त्यांना दाबता येतील, पण पाणी कोण ऐकणार? म्हणून त्यांच्यासाठी पुतण्यानं दुसरा बोर्ड त्यांच्या घरातल्या फोनला लावला, त्याच दोन रोधकांनी आणि त्याच कपॅसिटरनं. हा बोर्ड सूर शोधत नाही. लाट ५१२पासून सरासरी किती लांब जाते एवढंच मोजतो. विहिरीवर शांत असलं की तीन-चार खुणा, मोटर उठली की तीस-पस्तीस. पंधराच्या वर सलग पाच सेकंद राहिलं की भिंतीवरचा हिरवा दिवा लागतो.

मोटर फिरते आहे, एवढं हा दिवा खात्रीनं सांगतो. पाणी घेतलं की नाही, हे त्याला अजून सांगता येत नाही. भरलेल्या आणि कोरड्या पाइपाचा फरक सरासरीत दिसत नाही, तो सुरात आहे. पुतण्या सध्या दोन्ही आवाज निरनिराळ्या रात्री रेकॉर्ड करून, कोणता झोपाळा त्या दोघांत वेगळा हलतो ते शोधतो आहे. तोपर्यंत आबा दिवा पाहतात आणि फोन सुनेच्या कानाला लावतात.